डाव्या हाताच्या अक्षता

माझं काम लोकांना समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. "आंधळ्यांना टीव्ही कसला दाखवतेस गं?" असं इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी तोंडावर विचारलं होतं. दाखवत नाही हो काकू, सांगते. दोन संवादांच्या मध्ये पाच-सात सेकंदांची जागा मिळते, तेवढ्यात पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. कोण आत आलं, कुणी पत्र फाडलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे सगळं नवीन होतं आणि इंग्लंडमध्ये, लीड्समधल्या एका छोट्या प्रायोगिक योजनेत मला ही नोकरी लागली होती. आम्हाला हे काम शिकवणाऱ्या बाईंचा एकच हेका : दिसतं ते सांगा, तुम्हाला वाटतं ते नको. आणि जागा कमी, म्हणून काय गाळायचं ते आधी शिका. गाळण्यात मी फार लवकर तरबेज झाले.

माझे पहिले श्रोते बाबा. ते इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर होते. काचबिंदूने दृष्टी गेली आणि मुदतीआधी घरी बसले. आई त्याच्या आधीच गेली होती. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन टीव्ही सांगत बसायचे. चुकले की ओरडा. "'ही लुक्स इल' म्हणजे काय? चेहऱ्यावर काय दिसतं ते सांग. डायग्नोसिस मी करतो."

त्यांचा जीव अडकला होता सांगलीच्या आत्यात. आजी लवकर गेल्यामुळे या मोठ्या बहिणीनेच त्यांना वाढवलं होतं. ते फोन करायचे, तेव्हा आत्याची सून म्हणायची, "सगळं मजेत, मामा. आई देवळात गेल्यात." परदेशातल्या माणसाला आजारपण कळवायचं नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर, ही आमच्या घरातली जुनी रीत. बाबा ती ओळखून होते. म्हणून आत्याच्या नातवाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा ते म्हणाले, "आता खरं कळेल. ताई ठीक दिसली तर पुढच्या समरला जाऊ. नाहीतर ख्रिसमसच्या आधीच निघायचं. तू लीव्ह टाक."

ख्रिसमसच्या आधी मला निघायचं नव्हतं. मला पहिल्यांदाच एक अख्खा ड्रामा मिळाला होता, त्याचं वर्णन लिहायचंही मी आणि आवाजही माझाच. मी गेले असते तर तो दुसऱ्या मुलीकडे गेला असता. ती टपूनच बसली होती.

कॅसेट लावली. मंगलाष्टकं सुरू झाली. बाबा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले.

"ताई दिसली?"

"दिसली. पुढच्या रांगेत बसलीय. मोरपंखी साडी, नाकात नथ."

"वाळलीय?"

"थोडीशी."

"अक्षता टाकतेय?"

"टाकतेय."

टाकत होती, पण डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता आणि सून शेजारी वाकून तिच्या डाव्या मुठीत अक्षता भरत होती. लहानपणी मी डावा हात पुढे केला म्हणून याच आत्याने माझ्या हातावर चापट मारून प्रसाद मागे घेतला होता. ती बाई नातवाच्या डोक्यावर डाव्या हाताने अक्षता टाकते म्हणजे काय, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. 'डाव्या' हा एक शब्द मी उच्चारला असता तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी तिकिटं काढायला लावली असती. मी तो गाळला. आपण खोटं काही बोललो नाही, अशी स्वतःची समजूतही घातली. समजूत कसली, निव्वळ स्वार्थ होता तो.

"मग बरी आहे," बाबा म्हणाले आणि मागे टेकून बसले.

माझा ड्रामा झाला. कौतुक झालं. आम्ही जुलैत सांगलीला गेलो.

सून दारातच रडायला लागली. "मामा, मार्चमध्ये दुसरा झटका आला. तेव्हापासून आईंची वाचा गेली. तुम्हाला तिकडे काळजी नको, म्हणून..."

"दुसरा?"

"पहिला लग्नाच्या आधी. तेव्हा नुसता उजवा हात गेला होता. बोलत होत्या की छान. तुमची आठवण काढायच्या रोज."

बाबा आत्याच्या खाटेवर बसले. यांना दिसत नाही, तिला बोलता येत नाही. त्यांनी चाचपडत तिचा उजवा हात शोधला आणि आखडलेली बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, वॉर्डात सोडवत असतील तशी. मी भिंतीला टेकून उभी होते.

"तुला कॅसेटमध्ये हा हात दिसला नव्हता का गं?" त्यांनी मला विचारलं.

तेव्हा तरी सांगायचं. कामाच्या लोभाने गाळलं, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं.

"नाही बाबा. पुढे माणसं उभी होती."

ते मान हलवत राहिले. मग आत्याकडे तोंड करून म्हणाले, "हिचं कामच आहे ते, ताई. हिच्या नजरेतून काही सुटत नाही. हिलाच दिसलं नाही म्हटल्यावर मला कुठून कळणार?"

आत्याला ऐकू सगळं येत होतं. तिने बाबांवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली.

"काय करतेय गं ती?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडे बघतेय," मी म्हणाले.