थंड इंजिनाचे पहिले तीन सेकंद

जामखेडात कुणालाही विचारा, सांगतील, "गहिनीनाथ मिस्त्री? ठार बहिरा हाय! कानाशी हॉर्न वाजवा, ढिम्म हलायचा न्हाई." साफ खोटं. सकाळी गाडी चालू होताना ते कुणाला ओ देत नाहीत, एवढंच. थंड इंजिनाचे पहिले तीन सेकंद ते फक्त ऐकतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. नंतर मात्र माणूस एका जागी ठरत नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत पितात आणि कप कुठल्या तरी बॉनेटवर विसरतात. साखर कारखान्याच्या ट्रकांवर वीस वर्षं काढली, तेव्हापासून पायाला भिंगरी.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारचे नृसिंहकाका त्यांची लाल स्पोर्ट्स कार दाखवायला मामांच्या, म्हणजे मिस्त्रींच्या, गॅरेजवर गेले. दोन लाख किलोमीटर झालेली. काका पुण्याचे, बोलणं इस्त्रीतलं. मजा बघायला मीही गाडीत बसले.

"मिस्त्री, आवाज आहे का काही? नाही ना? गाडी म्हातारी झाली म्हणून मुद्दाम जाड ऑइल टाकलं. ट्रॅक्टरचं!"

मामांचा कप हवेतच थांबला. "ट्रॅक्टरचं? अवो सायेब, ही काय नांगराला जुपायचीय व्हय? आता गरम हाय म्हनून गप हाय. सकाळी कशी वाजती?"

"लक्ष नाही दिलं."

पण माझं होतं! रोज सकाळी आमच्या भिंतीला लागूनच सुरू होते ती. नकला करण्यात मी पटाईत; तोंडानं करून दाखवलं, "खर्रर्रर्र... घूंऽऽ... टिक!"

मामांनी फेऱ्या मारत तीनदा करायला लावलं. मग म्हणाले, "गाईड. आत टायमिंगची साखळी फिरती. तिला वाट दावायला प्लास्टिकची पट्टी अस्ती. जाड ऑइल सकाळी लवकर वर चढत न्हाई, साखळी सैल ऱ्हाती अन् पट्टीला खाती. पट्टी तुटली, साखळीनं चाकाचा दात सोडला, की सपलं इंजिन."

"या मुलीच्या तोंडावरून इंजिन खोलायचं?" काका हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "बहिऱ्यानं ऐकलं रं!" सगळं गॅरेज खिदळलं.

मामांचा चेहरा उतरला. "खालचं ऑइलचं चेंबर खोलतो. पट्टीचा तुकडा न्हाई घावला, तर उद्यापास्नं बहिरा म्हना, गाडी बी आनू नका."

मला राहवेना. "मामा, नका! त्यात थोडा मसाला माझा आहे. नाही सापडायचा तुकडा. लावा पैज!"

"लाव. घावला तर म्हैनाभर कुनाची नक्कल न्हाई करायची. तोंडानं 'खर्र' सुदिक न्हाई. अन् मसाला म्हंजी ते शेवटचं 'टिक' ना? ते तुजं. खर्र गाडीचं."

मी गारच! 'टिक' माझंच होतं.

ऑइल सोडलं. मामा गाडीखाली शिरले, बाहेर आले, पाना बदलला, पुन्हा शिरले. काका घड्याळ बघत, मी नखं खात. शेवटी चेंबर उतरलं. मामांनी तळातल्या काळ्या गाळातून बोट फिरवलं आणि तळवा पुढे केला. नखाएवढा तपकिरी प्लास्टिकचा तुकडा. मग आणखी दोन. खिदळणारे एकेक करून चहाला सटकले.

"साखळी अजून जाग्यावर हाय. येळेत आलात," मामा म्हणाले. "नवी पट्टी, नवी साखळी टाकू. अन् हितनं पुढं पुस्तकात लिवलंय तेच ऑइल. येळेवर बदला, आठवड्याला पातळी बगा, थंड गाडीला रेस देऊ नका. पट्टी टिकंल."

"बरं, मामा," काका म्हणाले. इतका वेळ नुसतं 'मिस्त्री' होतं!

आज पैजेचा सहावा दिवस. काकांचं हे 'बरं, मामा' तर अगदी जिभेवर आहे आणि ओठ मिटून बसावं लागतंय. लिहिण्याबद्दल मात्र मामा काही बोलले नव्हते.