एका बंदुकीचे दोन शिपाई

करंजवाडीत बंदुकीवाचून ज्यांचं पान हलत नसे अशी माणसं दोनच होती, आणि त्या दोघांत मिळून बंदूक एकच होती. सगळी रड तिथंच होती.

बब्रुवान निजामाच्या फौजेतला. मिसरूड फुटायच्या वयात हैदराबादला गेला, वीस वर्षं कोठारांवर पहारे दिले आणि अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं तसा रायफल जमा करून, काखेत वळकटी मारून गावी परतला. कोंडीराम मराठा पलटणीतला, इटलीपर्यंत जाऊन लढलेला, छातीवर लावायला पदक असलेला. गावानं कोंडीरामला डोक्यावर घेतलं आणि बब्रुवानकडे तिरप्या नजरेनं पाहिलं. त्यानं गावातल्या कुणाचं काडीइतकंही वाईट केलं नव्हतं. पण निजामाचा शिपाई म्हटल्यावर लोकांना तेवढं पुरत होतं. लोकांचं नेहमीच थोडक्यात भागतं.

बंदूक बब्रुवानच्या आज्याची. ठासणीची, पुरुषभर लांब, दस्त्यावर पितळेची पट्टी. विलीनीकरणानंतर हत्यारांची झडती सुरू झाली तेव्हा बब्रुवानला कोण परवाना देणार? कोंडीराम म्हणाला, "माज्या नावावर काढू. न्हायतर सरकारजमा हुईल, मग बस बोंबलत." रानडुकरांपासून पिकाची राखण म्हणून परवाना निघाला आणि बंदूक कोंडीरामच्या भिंतीवर गेली. कोंडीरामशिवाय दुसऱ्या कुणी ती हाताळली तर परवाना रद्द, बंदूक जप्त, असं कळंबच्या कचेरीत दोघांना दोनदा बजावून सांगितलं होतं.

तरी बब्रुवान रोज संध्याकाळी करडीच्या तेलाची बाटली घेऊन यायचा. तो दस्ता पुसायचा, कोंडीराम पितळ घासायचा, आणि दोघं आपापल्या पलटणींवरून भांडायचे.

"तुजी थ्री-नॉट-थ्री म्हंजे पिठाची गिरन," बब्रुवान म्हणायचा. "वरून दानं टाकलं की खालून पीठ. हिच्यात मानसाचा हात लागतो, गड्या."

हे कोंडीरामला पटायचं, कारण त्याचा हात इथं लागत नव्हता. दारू किती घालायची, वर चिंध्या किती, गजानं किती ठासायचं, यातलं त्याला काही जमत नसे. कोंडीरामच्या घराबाहेर ही गोष्ट बब्रुवानलाच ठाऊक होती. दसऱ्याला शिवेबाहेर आपट्याच्या झाडापाशी बंदुकीचा बार निघायचा आणि मगच गाव सोनं लुटायचं. आठ वर्षं सकाळी गुपचूप बंदूक भरायचा बब्रुवान, "भरलीय" असं कानात सांगायचा, आणि दुपारी फेटा बांधून बार काढायचा कोंडीराम.

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला चार दिवस होते. कळंबचे नवे पोलीस जमादार परवान्याच्या बंदुका तपासत गावात आले. पारावर चहा झाला. बंदूक हातात तोलून त्यांनी विचारलं, "झकास चीज आहे. कुणाची?"

"माजीच की," कोंडीराम म्हणाला.

शेजारीच बब्रुवान बसला होता. परवान्यापुरतं असं म्हणावं लागतं हे त्याला कळत होतं. पण जमादारांनी बोट त्याच्याकडे केलं, "हेही फौजी का?" आणि कोंडीरामची जीभ सैल सुटली.

"ह्यो? ह्यो निजामाचा पहारेकरी. जिंदगीत एक गोळी झाडली न्हाय गड्यानं. कुलपाला सलाम ठोकून आला."

पार हसला. बब्रुवान उठला आणि कोंडीरामजवळून जाताना त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "आता तुजी तू भर."

दोघांत अबोला पडला. तेलाची बाटली बब्रुवानच्या कोनाड्यात तशीच राहिली. दसऱ्याला बार ऐकायला येतो म्हणून जमादार सांगून गेले होते. कोंड्याची फजिती होऊ दे, असं बब्रुवान मनाशी घोकत होता. पण दसऱ्याच्या सकाळी त्याला राहवेना. आज्याची बंदूक गावापुढं मुकी राहणार, हे त्याला सोसवेना. कोंडीराम रानात गेल्याचं पाहून तो त्याच्या घरी गेला.

सारजाबाई, कोंडीरामची बायको, चुलीपाशी होती. "या भावजी," एवढंच ती म्हणाली. दरसालचंच काम होतं; नवऱ्याला सांगावं असं त्यात तिला काही वाटलं नाही. त्यानं बंदूक भरली, चांगली दणकून ठासली, आणि दरसालसारखी नळीच्या तोंडात लाल चिंधी खोचली. चिंधी म्हणजे भरलेली, हे त्याच्या फौजेत पोरासोरालाही ठाऊक. मग कोंडीरामला वेगळं कळवायची गरज काय? आणि अबोल्यात सांगायला जाणार कोण?

इथं घोटाळा झाला. कोंडीरामच्या पलटणीत नळीत चिंधी खोचायची ती धूळ जाऊ नये म्हणून.

दुपारी हलगी वाजवत गाव शिवेवर आलं. जमादार पुढंच उभे होते. कोंडीराम छातीवर पदक लावून, बंदूक खांद्यावर घेऊन आला, आणि तो जवळून गेला तेव्हा बब्रुवानला त्याचा अंगठा दिसला. अंगठा काळा होता. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवरही काळी बोटं उमटली होती.

दारूचा हात होता तो. बब्रुवानला उलगडा झाला. ह्यानं गोठ्यामागं लपून स्वतः भरली. माझ्या बारावर बार ठासला. थ्री-नॉट-थ्रीचा गडी, खटका उघडून आत बघायची सवय. हिला उघडायला खटका कुठाय? आत बार आहे का हे गज टाकून मोजायचं, याला कुणी शिकवलंच नाही. आज्याची पातळ झालेली नळी, तिच्यात दोन बार. नळी फुटणार ती कोंड्याच्या तोंडावर.

बब्रुवाननं तोंड उघडलं आणि त्याची नजर जमादारांवर गेली. भरली कुणी, हा पहिला सवाल येणार. मी म्हटलं की बंदूक गेली. आज्याची खूण कायमची गेली. एका श्वासापुरता तो गप्प राहिला, आणि त्या एका श्वासाची लाज त्याला पुढं जन्मभर वाटली.

"कोंड्याऽ, थांब! उडवू नगस!"

हलगीच्या गदारोळात कुणाला काय ऐकू जाणार? ज्यांना ऐकू गेलं ते हसले; याच्या पोटात दुखतंय, असंच त्यांना वाटलं. कोंडीरामनं वळून पाहिलं आणि मुद्दामच मान फिरवली. त्यानं घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली, घोडा ओढला, नळी आभाळाकडे केली आणि गाल दस्त्याला टेकवला.

बब्रुवान धावला. एकाला ढकललं, एकाचा फेटा पाडला. कोंडीरामचं बोट चापावर दाबलं जात होतं तेव्हा त्यानं झेप घेऊन आपला अंगठा घोड्याखाली घातला. घोडा पडला तो त्या अंगठ्यावर. बार झाला नाही. हलगी थांबली, आणि बब्रुवान कळवळला ते साऱ्या गावानं ऐकलं.

"दोन बार हायेत तिच्यात," तो दातओठ खात म्हणाला. "गज टाकून बघ."

जमादारांनी आधी घोड्याखालची टोपी काढायला लावली, मग गज आत सोडायला सांगितलं. एका बाराला चार बोटं बाहेर राहणारा गज वीतभर बाहेर राहिला.  कोंडीरामनं एकदा गजाकडे पाहिलं, एकदा बब्रुवानच्या मनगटावरून ओघळणाऱ्या रक्ताकडे.

"भरली कुणी?" जमादारांनी विचारलं.

"म्या," बब्रुवान म्हणाला. "ह्येच्या माघारी. ह्येला काय बी ठावं न्हाय. गुन्हा माजा हाय, साहेब."

इथं कोंडीराम गप्प राहिला असता तर त्याचा परवाना कदाचित वाचला असता, आब तर वाचलाच असता. तो पुढं आला.

"खोटं बोलतोय, साहेब. आठ वरसं दरसाली ह्योच भरतोय. मला भरता येत न्हाय. आज पैल्यांदा भरली, तर ही गत." मग तो गावाकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐकलं का रं? मला येत न्हाय!"

कुणी हसलं नाही. जमादार वाईट माणूस नव्हते, पण कायदा कायदा होता. त्यांनी कागद काढला, पेन्सिल ओली केली. पंचनाम्यात पहिलंच विचारलं, "बंदूक कुणाची?"

कोंडीराम फेट्याचा शेव फाडून बब्रुवानचा अंगठा बांधत होता. गाठ मारून झाल्यावरच त्यानं मान वर केली.

"लायसन माज्या नावाचं," तो म्हणाला. "बंदूक बब्रुवानची हाय. ह्येच्या आज्याची."

अंगठा फुटल्यावर जो माणूस रडला नव्हता तो तेव्हा रडला. बंदूक जमादारांच्या सायकलला बांधून कळंबला गेली आणि परत कधी आली नाही. त्या वर्षी बार न होताच गावानं सोनं लुटलं, आणि आपट्याचं पहिलं पान कोंडीरामनं बब्रुवानच्या डाव्या हातात ठेवलं.