वीस सेकंदांचा प्रश्न

कामाला निघताना विनीता नेवे हातातल्या बांगड्या काढून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवत. हे पाहून सासूबाई हयात असेपर्यंत रोज कुरकुरत. पण विनीताबाईंचे कामच तसे होते. लखनौच्या लालबागेतल्या एका स्थानिक वाहिनीवर बातम्या आणि चर्चा चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा गोलात उभे राहून त्या सगळे बोलणे खुणांच्या भाषेत सांगत. बांगडी किणकिणली तर निवेदकाच्या माईकमध्ये ऐकू येते आणि चकाकली तर बघणाऱ्याचे बोटांवरून लक्ष उडते. गडद निळा कुडता, मोकळे हात आणि मागे करडा पडदा, अशा त्या बारा वर्षे उभ्या होत्या. इंदिरा नगरच्या बाजारात त्यांना कोणी ओळखत नसे. शहरातले बहिरे लोक मात्र त्यांना लांबूनच ओळखत.

ही भाषा त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. जळगावला त्यांचा थोरला भाऊ बाळकृष्ण जन्मापासून बहिरा होता. घरातली माणसे त्याच्याशी मोठ्याने ओरडून बोलत आणि त्याला कळले नाही की गप्प बसत. विनीता पाच वर्षांची असल्यापासून तो काय म्हणतो ते घराला सांगे आणि घर काय म्हणते ते त्याला. पुढे रेल्वेत इंजिनिअर असलेल्या नरहर नेव्यांशी लग्न झाले, बदल्या झाल्या आणि शेवटी लखनौत बिऱ्हाड स्थिरावले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी रीतसर परीक्षा दिली. दुभाषाने आपल्या पदरचे काही घालायचे नाही आणि समोरच्याचे काही गाळायचे नाही, हा नियम त्यांना तिथे नव्याने शिकवण्यात आला. तो त्यांनी बाळकृष्णासाठी लहानपणापासूनच पाळला होता.

त्या उन्हाळ्यात देशाचे गाडे रुतले होते. रोज कुठलातरी कारखाना बंद पडल्याची बातमी येई आणि विनीताबाई ‘बंद’ची खूण करून करून थकून जात. निवडणूकही तोंडावर आली होती. शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात एकोणीस बहिरे कामगार होते. यंत्रांचा गोंगाट यांना सोसतो म्हणून मालकाने त्यांना मुद्दाम घेतले होते. एप्रिलमध्ये तोही कारखाना बंद झाला.

काम गेलेल्यांना सरकारने सहा महिन्यांची मदत जाहीर केली. नोंदणी फक्त फोनवर. पलीकडून यंत्र विचारणार, आपले नाव सांगा, मग दिलेले एक वाक्य स्वतःच्या आवाजात बोला. दलालांनी खोटी नावे घालू नयेत म्हणून ही युक्ती काढली होती. पुढे कधीही उलट फोन येणार आणि तोच आवाज पुन्हा ऐकवावा लागणार. एकोणिसांपैकी विष्णूच्या वतीने त्याचा भाऊ बोलला. उलट फोन आला तेव्हा भाऊ कामावर होता. विष्णूचे नाव फसवणुकीच्या यादीत गेले. त्यानंतर कोणी दुसऱ्याचा आवाज उसना घ्यायला धजेना.

विनीताबाईंनी संबंधित खात्याला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याला उत्तर आले. तक्रारीसाठी त्याच क्रमांकावर फोन करा, असे त्यात होते.

“खात्यात कुणीतरी विनोदी माणूस आहे,” नरहरपंत पत्र वाचून म्हणाले.

“मला हसू येत नाहीये.”

“मलाही नाही. पण दुसरं काय करू?”

त्या एकोणिसांत सोनू मेश्राम होता. त्याचे वडील श्रीपतभाऊ मूळचे नागपूरचे. सरकारी कंपनीतून निवृत्त होऊन लखनौतच राहिलेले. सोनू पस्तिशीचा, तापट आणि इतरांचा पुढारी. त्याने विनीताबाईंना खुणेने विचारले, “तू रोज त्या लोकांच्या शेजारी उभी असतेस. त्यांना विचारत का नाहीस?”

विचारायचे नसते, हे त्यांनी त्याला समजावून पाहिले. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. शेवटी त्यांनी धीर करून वाहिनीचा निवेदक ऋषभ याला गाठले. दर गुरुवारी तो एका उमेदवाराला समोर बसवून तासभर प्रश्न विचारी. ऋषभ तरुण होता, पण ऐकून घेणारा होता.

“मैम, बीस सेकंड दूँगा,” तो म्हणाला. “पर सवाल आप पूछेंगी. अपनी आवाज़ में.”

बारा वर्षांत त्यांचा आवाज त्या स्टुडिओत माईकवर कधी गेला नव्हता. घरी स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी तालीम सुरू केली. नरहरपंत घड्याळ धरून बसले.

“माननीय उम्मीदवार महोदय, जो लोग बोल नहीं सकते, वे फ़ोन पर बोलकर...”

“सव्वीस सेकंद. अगं, ते ‘माननीय’ काढ. तिथेच दोन वाचतील.”

“आणि ‘महोदय’?”

“तो आला तर महोदय. आधी येऊ दे.”

तीन गुरुवार हातात होते. तिसऱ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी संध्याकाळी पाचला नोंदणी बंद होणार होती. उमेदवाराने नुसते ‘हो, बघतो’ म्हटले असते तरी ते सर्वांसमोर म्हटले गेले असते आणि खात्यातल्या कुणाला तरी फाईल उघडावी लागली असती. विनीताबाईंचा सगळा हिशेब एवढाच होता.

पहिल्या गुरुवारी दुपारी चारला निरोप आला की उमेदवाराचा घसा बसला आहे. श्रीपतभाऊंच्या घरी विष्णू सोडून उरलेले अठरा जण टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते. त्यांना महागाईवरची जुनी चर्चा पुन्हा बघावी लागली. दुसऱ्या गुरुवारी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने कळवले की देशावर एवढे संकट असताना स्टुडिओत बसून गप्पा मारणे शोभत नाही. त्याच संध्याकाळी तो आलमबागेत एका मिठाईच्या दुकानाची फीत कापताना दिसला. ती बातमीही विनीताबाईंनीच खुणांनी सांगितली. ‘मिठाई’ची खूण करताना त्यांच्या बोटांना पहिल्यांदाच राग आला.

“पुढचा नक्की येईल,” त्या व्हिडिओ फोनवर सोनूला म्हणाल्या.

“तू नक्की म्हणतेस की ते म्हणाले?”



तिसऱ्या गुरुवारी मात्र उमेदवाराची पांढरी गाडी खरोखरच आवारात शिरली. विनीताबाई वरच्या मजल्यावरून पाहत होत्या. गाडीतून आधी त्याचा सचिव उतरला आणि वर येऊन प्रश्नांची यादी मागू लागला. ऋषभने ती वाचून दाखवली. बँका, नोकऱ्या, गॅसचे भाव, इथपर्यंत सचिव मान डोलावत होता. शेवटचा प्रश्न ऐकून थांबला.

“ये गूँगे-बहरे वाला हटा दीजिए. भैयाजी भावुक हो जाते हैं. बाक़ी सब चलेगा.”

“और नहीं हटाया तो?” ऋषभने विचारले.

“तो देख लीजिए, टाइम की दिक़्क़त है.”

ऋषभने विनीताबाईंकडे पाहिले. “मैम, आप जो कहें. मैं रखने को तैयार हूँ.”

खाली गाडीचे इंजिन चालूच होते. विनीताबाईंनी भराभर विचार केला. हट्ट धरला तर माणूस जाईल. सोडला तर निदान तो खुर्चीत येऊन बसेल, मग ऋषभ बोलता बोलता विषय काढील. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचे एक अक्षर गाळले नव्हते. त्या म्हणाल्या, “हटा दीजिए.”

सचिव ‘बस दो मिनट’ म्हणून खाली गेला. गाडीच्या काचेशी वाकला. काच वर गेली, गाडी वळली आणि फाटकाबाहेर पडली. पाच मिनिटांनी ऋषभच्या फोनवर निवेदन आले. नियमाप्रमाणे ते वाचून दाखवणे भाग होते.

लाल दिवा लागला. ऋषभ रिकाम्या खुर्चीशेजारी बसून वाचू लागला. उमेदवार संकटकाळात जनतेत फिरत आहेत, म्हणून येऊ शकले नाहीत. “वे प्रदेश के हर नागरिक की आवाज़ सुन रहे हैं. कोई आवाज़ अनसुनी नहीं रहेगी.”

विनीताबाईंचे हात एक क्षण पोटाशी राहिले. कोणी बोलत नसले की हात तिथे असतात. मग नियमाने त्यांना वर उचलले. प्रत्येक नागरिक. आवाज. ऐकणे. त्यांनी काही गाळले नाही, काही घातले नाही. श्रीपतभाऊंच्या घरी अठरा माणसे ते बघत आहेत, हे त्यांना त्या करड्या पडद्यापुढे उभे असताना स्वच्छ दिसत होते.

बाहेर येईपर्यंत सोनूचा व्हिडिओ फोन वाजत होता.

“आमचा प्रश्न कुठे आहे?”

“तो आला नाही.”

“ऋषभ बाकीचे प्रश्न रिकाम्या खुर्चीला विचारत होता. आमचा त्यात नव्हता.”

खोटे सांगणे सोपे होते. विनीताबाईंनी खरे सांगितले. “मी काढायला लावला. म्हणजे तो येईल म्हणून.”

 सोनूचे हात इतक्या जोरात चालले की पडद्यावर धूसर झाले. “एकाचा घसा बसला. एकाला गप्पा शोभत नव्हत्या. ठीक आहे, हाही त्यांच्यातलाच. पण तू तुझ्या हातांनी सांगितलंस की तो ऐकतोय. मी तुझे हात बघत होतो. त्याचं तोंड नाही.”

फोन बंद झाला. घरी नरहरपंतांनी जेवण वाढून ठेवले होते. त्या ताटावर बसल्या आणि उठल्या.

“तू नसतं काढलंस तरी तो पळालाच असता,” ते म्हणाले.

“ते खरं. पण मग तो पळाला असता. आता मीही पळाले.”

नरहरपंतांनी ताट झाकून ठेवले.

शनिवारी दुपारी तीनला दारावरची बेल वाजली. सोनू उभा होता, मागे घामाघूम झालेले श्रीपतभाऊ. सोनूने आपला फोन विनीताबाईंपुढे धरला आणि खूण केली, “लाव.”

“कोण बोलणार?”

“मी.”

विनीताबाईंनी श्रीपतभाऊंकडे पाहिले. “ताई, मी लय समजावलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “लहानपणी नागपूरच्या शाळेत त्याले नाव बोलाले शिकवलं होतं. पोरं हसली. अकरा वर्षांचा होता, तवापासून तोंड उघडलं नाही. आज म्हणते, माझं नाव मीच सांगतो.”

नरहरपंतांनी पंखा बंद केला आणि खिडक्या लावून घेतल्या. खाली भाजीवाला ओरडत होता, त्याला ‘भैया, थोड़ा आगे’ म्हणून लांब पाठवून आले. विनीताबाईंनी क्रमांक लावला. यंत्राचा गोड आवाज खोलीत पसरला. नाव सांगा, म्हणाला. त्यांनी खूण केली.

सोनूने श्वास घेतला आणि बोलला. तो आवाज जाड होता, मधेच उंच चढणारा, कुठे आपटेल याचा अंदाज नसलेला. त्यात ‘सोनू’ शोधले तर सापडत होते. श्रीपतभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले.

“आवाज़ स्पष्ट नहीं है. कृपया दोबारा बोलिए.”

विनीताबाईंनी ते जसेच्या तसे सांगितले. सोनू पुन्हा बोलला. तीन वेळा झाले की लाईन कटायची. मग पुन्हा लावायची. कधी सगळ्या लाईनी व्यस्त असत आणि सतार वाजत राही. सोनू काय चालले आहे विचारी आणि त्या ‘थांब’ म्हणत. चार वाजले. समोरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. नरहरपंतांनी पडदा ओढला. सोनूचा घसा फाटत चालला होता, पण ‘मेश्राम’ आधीपेक्षा बरा येत होता. एकदा यंत्राने नाव मानले.  मग त्याने वाक्य दिले, ‘मैं यह घोषणा करता हूँ कि’ असे काहीतरी लांबलचक. सोनू त्यात तिसऱ्या शब्दाला अडकला.

पाचला एक मिनिट असताना त्यांनी शेवटच्या वेळी क्रमांक लावला. आता सोनूने डोळे मिटून घेतले होते. बहुधा जिभेकडे नीट लक्ष द्यायला. तो नाव घेत होता, थांबत होता, पुन्हा घेत होता. पलीकडून आवाज आला की नोंदणीची मुदत संपली आहे, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. आणि फोन बंद झाला.

विनीताबाईंनी हात वर केले आणि ते सगळे सांगितले, धन्यवादसुद्धा. सोनूचे डोळे मिटलेलेच होते. तो बोलतच होता. त्याला थांबवायचे तर खांद्याला हात लावावा लागणार होता. त्या पुढे झाल्या.

“राहू द्या, ताई,” श्रीपतभाऊ भिंतीकडून म्हणाले. “चोवीस वर्षांनी बोलून राहिला. बोलू द्या त्याले.”