दोन बोटं रुंद विंग

विद्यानगरच्या कॉलेजातली मुलं शर्यतीची छोटी गाडी बनवतात. तिचं मागचं विंग तीन वर्षं मीच केलं. सिकंदराबादेत माझी फायबरग्लासची शेड आहे. पाण्याच्या टाक्यांपासून सुरुवात केली, एकट्याने. विंग म्हणजे उलटा धरलेला विमानाचा पंख. वाऱ्याने गाडी खाली दाबली जाते, वळणावर घसरत नाही. हे मी वाचलेलं नाही, हाताला कळलेलं आहे.

या वर्षी शर्यतीचे नियम बदलले. वळणावर गाड्या फार वेगाने जायला लागल्या, म्हणून विंग मागच्या चाकांच्या आतच बसलं पाहिजे, असं ठरलं. गेलेला दाब गाडीच्या पोटाखालून मिळवायचा, तिथली हवा वेगाने ओढून नेणारा तळ बसवून. तो तळ करायचं काम माझ्या साडूला मिळालं. साडू पदवीधर. सासुरवाडीला पंगतीत आधी त्याच्या ताटात वाढतात. कोठी बाजारातल्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर साचा काढतो, हाताला फायबरची राळ लागत नाही. मी जळलो. उद्या विंगही त्याच्याकडे जाईल, ही धास्ती वेगळीच.

म्हणून मी विंग मुद्दाम मापापेक्षा दोन बोटं जास्त रुंद केलं. समोरच्याचा पहिला भाव मी आयुष्यात कधी मानला नाही, मग नियम का मानू? आपण दोन बोटं मागायची, एकावर सौदा पटेल. तेवढा दाब तरी माझ्या विंगचा. मुलांना मोजायला मिळू नये म्हणून तपासणीच्या सकाळीच नेऊन बसवलं.

तपासनीसाने मापाची चौकट पुढे सरकवली. ती विंगला दोन्हीकडून अडली.

"साब, दोन बोटांचं काय एवढं? एक मी कापतो, एक तुम्ही सोडा."

"चाचा, ये कोठी का बाजार नहीं है. घुसा तो घुसा, नहीं तो नहीं."

माझा आवाज चढला. संघाची कॅप्टन मुलगी मधे आली. "काका, प्लीज! गाडीच बाद करतील ते."

तळ बसवायला आलेल्या साडूने पेटीतून करवत काढली. "घ्या, साडूभाऊ. दोन्हीकडून एकेक बोट. मी धरतो."

त्याने धरलं, मी कापलं. टोकांच्या उभ्या पाट्याही त्याबरोबर गेल्या. त्या नसल्या की हवा कडेने निसटते, विंग अर्धं मरतं. शर्यतीत गाडी सरळ रस्त्यावर गेल्या वर्षीपेक्षा जोरात पळाली, पण प्रत्येक वळणावर शेपूट फेकायला लागली. पुढची चाकं साडूच्या तळाने धरून ठेवलेली, मागची माझ्या विंगने सोडलेली. वळणं हळू घेत शर्यत कशीबशी पुरी केली.

कॅप्टन मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, मापात केलं असतं तर पाट्या राहिल्या असत्या. पुढच्या वर्षी तळ आणि विंग दोन्ही एकाच हाताला देऊ."

कुणाच्या, ते विचारायची गरज नव्हती.

साडू म्हणाला, "साचा मी काढतो. फायबर मात्र यांच्याच शेडमध्ये टाकू. यांच्यासारखा हात कुणाचा नाही."

त्याने माझी बाजू घ्यावी, हे मला अजून पचलेलं नाही. तरी मी सवयीने अडून बसलो. "शेड माझी, तर शेवटचं मापही मीच घेणार."

"घ्या की," साडू म्हणाला. इतक्या सहज, की पुढे मागायला काही उरलंच नाही.