मलकापूरच्या इंटरव्ह्यूत ऐकलेली हाक

भूत, भानामती, अंगात येणं… असल्या गोष्टीले मी कधी भीक घातली नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जाऊन झोपायचो. आजही माझं तेच मत आहे. तरी हे लिहून राह्यलो, कारण नातीनं मोबाइलवर हे पान दाखवलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा मलकापूरचा किस्सा टाका ना इथं." शिक्षण माझं चौथी. चुकलं तर सांभाळून घ्या, नाहीतर वाचू नका.

नात पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांत इंटरव्ह्यू देत फिरते. टेक्निकल कन्सल्टंट व्हायचं म्हणे. मी विचारलं, म्हणजे काम काय? तर म्हणे गिऱ्हाईकाकडं जायचं, त्याची अडचण पाहायची आणि त्याले काय पाहिजे ते सांगायचं. मी म्हटलं, बाई, हे तर मी जन्मभर केलं! तुह्या कंप्युटरच्या जागी माझ्याकडं विहीर होती, एवढाच फरक.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचं खेडं साखरखेर्ड्याजवळ. मी साखरखेर्ड्यात पिठाच्या गिरणीवर ऑइल इंजिन चालवत होतो. गिरणीमालकाच्या ओळखीचे एक शेठजी मलकापुरात इंजिनं विकायचे. त्यांच्या कंपनीले माणसं पाहिजे होती. गावोगाव जाऊन विहिरी पाहायच्या आणि कोणतं इंजिन घ्यावं, कुठं बसवावं, हा सल्ला शेतकऱ्याले द्यायचा. महिन्याचा पगार, वर मलकापुरात राहायले खोली.

त्या खोलीत माझ्या बायकोचा जीव अडकला होता. तिचं नाव गिरजा. लग्न नवं होतं आणि माझी माय तोंडाची तिखट. गिरजानं भाकर थापली तरी खोट, पाणी भरलं तरी खोट. पोरगी रडायची नाही, पण वाळत चालली होती. मी निघालो तेव्हा दाराआडून हळूच म्हणाली, "ऐकलं का… खोली घेऊनच या." नोकरीचं नावसुद्धा नाही. खोली!

इथं एक सांगून ठेवतो. आमच्याकडं तेव्हा बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. माझं नाव काशिनाथ. गिरजानं ते लग्नाच्या उखाण्यात पुटपुटत घेतलं असेल तेवढंच. बाजारात काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, घ्यायचं असलं तरी बोट दाखवून "ते मोठं फळ द्या" म्हणायची. भाजीवाल्या बाया मुद्दाम विचारायच्या, "कोणतं वं?" …आणि ही लाल होऊन नुसतं बोट दाखवायची.

असो. चिखली, बुलढाणा, मग घाट उतरून मोताळा, असा एसटीनं धक्के खात मलकापूरले पोचलो. शेठजीच्या दुकानात उमेदवार बसले होते. त्यातला एक खामगावचा, इस्त्रीचा शर्ट, हातात सर्टिफिकेटची गुंडाळी. माझ्याकडं पाहून म्हणे, "काय बे, येताना पीठ तं झटकून यायचं!"

"राहू दे," मी म्हटलं. "तुले भूक लागली तं मळता येईल."

आत शेठजी आणि पुण्याचे एक इंजिनिअर साहेब. साहेबांनी विचारलं, "समजा शेतकरी म्हणतो, भावानं आठ हॉर्सपॉवरचं घेतलं, मला दहाचं पाहिजे. विहिरीत पाणी मात्र थोडं. काय सल्ला द्याल?"

"म्हणीन, दहाचं घे. पण आधी भावाच्या विहिरीपेक्षा मोठी विहीर खांद."

शेठजी हसले, साहेब हसले नाही. "तो रागावून दुसऱ्या दुकानात गेला तर?"

"जाऊ द्या जी. त्याले खोटं सांगून इंजिन विकलं तं उद्या तो तुमच्या दारात येऊन शिव्या देईन."

साहेब 'हं' म्हणाले. बरं का वाईट, काही समजलं नाही.

मग आम्हाले जीपमध्ये घालून गावाबाहेरच्या एका विहिरीवर नेलं. पाणी खोल होतं. वर ठेवलेला पंप एवढ्या खालचं पाणी ओढत नाही, म्हणून विहिरीच्या पोटात लोखंडी गर्डर टाकून, त्यावर जाड फळ्या मांडून इंजिन बसवलं होतं. तेव्हा सगळीकडं तशीच रीत होती. इंजिन धडधडत होतं आणि पाइपातून पाणी म्हणावं तर करंगळीएवढं. साहेब माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "खाली उतरा. काय बिघडलं पाहा आणि शेतकऱ्याला काय करायचं ते सांगा."

पहिला नंबर माझा. चपला काढल्या, दगडी पायरीवर पाय ठेवला…

"काशिनाथ!"

बाईचा आवाज. मागून, अगदी जवळून. बैल काठाकडं निघाला की ओरडतात ना, तसा. मी मागं वळलो. मागं मोकळं शेत. लांबपर्यंत बाई नाही, पोरगी नाही. इंजिनाचा आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी अर्धं कळत नव्हतं. पण ही हाक मले स्वच्छ ऐकू आली. आणि आवाज गिरजाचा होता. मी कानाले हात लावून शपथ घेतो.

मी पाय मागं घेतला. काढलेल्या चपला परत पायात घातल्या.

"काय झालं? घाबरलात?" साहेब.

"साहेब, मी उतरत नाही. तुम्ही बी कोणाले उतरवू नका."

"का?"

काऊन ते मलेच माहीत नव्हतं. डोळ्यासमोर ती खोली चालली हे दिसत होतं. घरी जाऊन गिरजाले काय सांगू? तुह्या आवाजानंच नोकरी घालवली? तरी पाय हलेना.

खामगाववाला हसला. "सरका, पीठवाले." पुढं निघाला. मी त्याचं मनगट धरलं. तो हिसके देऊन राह्यला, शर्टाची बाही टरकली. "सोड बे, येडा झाला का!" शेठजी मले रागं भरून राह्यले. एवढ्यात खाली कडाड् असा आवाज झाला. फळ्या मोडल्या आणि धडधडतं इंजिन सरळ पाण्यात गेलं. एकदम शांत. फक्त शेतकरी बोंबलत होता, "अबे माह्यं इंजिन! सल्ला द्याले आले का बुडवाले?"

उतरलो असतो तर त्या वेळी त्याच फळ्यांवर उभा असतो.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "तुम्हाला कळलं कसं?"

मी खरं ते सांगितलं. "मले काही कळलं नाही साहेब. घरून बायकोनं हाक मारली."

शेठजी पोट धरून हसले. "लग्न नवं आहे साहेब!" साहेबांनाही वाटलं, मी लाजून बोलून राह्यलो. म्हणाले, "कुजलेल्या फळ्या ओळखल्या तुम्ही. आम्हाला 'नाही' म्हणणारा माणूसच पाहिजे होता." मी परत परत सांगितलं, वरून फळ्या चांगल्या दिसत होत्या. कोणी ऐकलं नाही. नोकरी मले दिली. खामगाववाल्यालेही दिली. पुढं तो माझा जन्माचा दोस्त झाला, पण फाटलेल्या बाहीचा विषय शेवटपर्यंत काढायचा.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. खोली मिळाली हे सांगायले तोंड उघडलं, तर माय अंगणातच उभी.

"आला का? विचार तुह्या बायकोले! काल बायांच्या देखत तुहं नाव घेतलं तिनं. नुसतं नाव! अशी बोंबलली की सरूबाईच्या हातातलं सूप पडलं."

शेजारची सरूबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "हाव ना बापा, ज्वारी पाखडून राह्यलो होतो आम्ही. ऊन कललं होतं."

ऊन कलतानाच मी त्या विहिरीवर होतो. मलकापूर कुठं, आमचं खेडं कुठं… आणि आमच्या गावात टेलिफोन तेव्हा कोणी पाहिलाही नव्हता.

गिरजा चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. मी विचारलं तर म्हणे, "काही दिसलं नाही, काही ऐकलं नाही. तोंडातून निघून गेलं. आता तुम्ही बी बोलून घ्या."

माझ्याच डोळ्यात पाणी आलं, ते धुराच्या नावावर खपवलं.

पुढं मी शेकडो विहिरी पाहिल्या. तशी हाक परत कधी आली नाही. गिरजानंही माझं नाव परत घेतलं नाही. मलकापुरात त्या एका खोलीत आमचा संसार झाला, पोरं झाली, आणि ती भाकर थापताना गाणं म्हणायची. मले अजून काय पाहिजे होतं?

मागच्या साली ती गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी मी परत विचारलं, "आतातरी सांग. त्या दिवशी काय झालं होतं?" तिनं डोळे उघडले. म्हणाली, "खोली मिळायच्या आधी मरू देते का मी तुम्हाले?"

आणि हसली. खोकला येईपर्यंत हसली.

याच्यापेक्षा बरं उत्तर मले कोणी दिलं नाही. तुमच्यात कोणी शिकलेला असेल आणि त्याले याचं कारण माहीत असेल, तर लिहा. फक्त ती देवी होती असं काही लिहू नका. बाई साधी होती, आणि चिडायची लई.