साडूंनी मागितलेली सुपारीची डबी

आमच्या साडूंइतका फुकटात लाडका झालेला माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये दुसरा नसेल, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये, जळून सांगतोय. छत्तीस वर्षं मी माधव नगरात पोरांना गणित शिकवलं. आज तीच पोरं मला रस्त्यात पाहिलं की गल्ली बदलतात. आणि हे गृहस्थ! सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं देतात तिथले समुपदेशक, म्हणजे टेबलामागे बसून लोकांशी नुसतं बोलायचं. पण यांच्या दारात भैरवगढचा कोणी छपाईवाला स्वतः छापलेली चादर ठेवून जातो, कोणी कोथिंबिरीची जुडी, कोणी गरम कचोऱ्या. कोणी दिल्या विचारलं तर म्हणणार, "असेल कोणी भला आदमी. घ्या ना मास्तर." आणि कचोरी फर्स्टक्लास असते, हे आणखी दुःख.

घरात हा माणूस तोंड मिटत नाही. मुलगी बघायला आलेल्या मंडळींना पत्रिका जुळल्याबरोबर यांनी विचारलं होतं, "दोघांची एचआयव्हीची तपासणी झाली का?" मी टेबलाखाली पाय दाबला, तो सासूबाईंचा निघाला. पण रस्त्यावर हे मुके. फ्रीगंजात घंटाघरापाशी सख्खी सासू दोन पिशव्या घेऊन समोर आली तरी हे दुकानाची पाटी वाचत उभे! कारण काय, तर आधी ओळख समोरच्यानं दाखवायची. "दवाखान्यातल्या कोणाला मी नमस्ते केलं की बरोबरची बायको विचारते, ये कौन? मग त्या बिचाऱ्यानं काय सांगायचं?" आणि काहींना ओळख दाखवायची, काहींना नाही, असं केलं तर लोक लगेच ताडतील, म्हणून सगळ्यांनाच सारखा न्याय. एवढं होऊनही सासूबाई म्हणतात, जावई असावा तर असा. मी त्यांच्या पिशव्या आयुष्यभर उचलल्या, ते गेलं कुठे?

तिसरी खोड डब्यांची. बाकीचे जावई मानपान मागतात, हे रिकाम्या डब्या मागतात. कुंकवाची, तपकिरीची, आवळासुपारीची, काही चालतं. त्यांच्याकडच्या कित्येकांना औषधाची बाटली घरात ठेवायची चोरी. लेबल कोणी वाचलं तर? मग रोजच्या गोळ्या ठेवायला घरातली वाटेल अशी डबी हवी. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी सात डब्या घासून ठेवल्या, तर यांची नजर गेली देवाजवळच्या पितळी डबीवर.

"मास्तर, ही द्या."

"अहो, ती नानांची सुपारीची डबी आहे! वडिलांची आठवण आहे ती."

"म्हणूनच."

मी साफ नाही म्हटलं. बायकोनं माझ्या पाठीमागे देऊन टाकली, आणि मी चार महिने साडूंशी अबोला धरला.

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ विनू मोठ्या दुखण्यातून उठत होता. फ्रीगंजात एकटाच राहतो. वाळून काटकी झाला होता, कशानं ते सांगेना. आमच्याकडे जेवायला आला तरी स्वतःची ताटली वेगळी घ्यायचा. मी त्याच्या घरी च्यवनप्राशाचे डबेच्या डबे पोचवले आणि भाऊ उभा राहिला! हा पराक्रम मी गावभर सांगितला. अबोला सुटल्यावर साडूंनाही सांगितला. ते म्हणाले, "च्यवनप्राश उत्तमच."

गेल्या महिन्यात सकाळी आठला, न कळवता, मी विनूकडे पोहे घेऊन गेलो. दार उघडंच होतं. तो ओट्यापाशी उभा, एका हातात नानांची डबी, दुसऱ्या तळहातावर गोळी. त्या डब्या कशासाठी असतात ते मला सांगायची गरज नव्हती. मला बघून त्यानं डबी ओट्यावर ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "आधीच्या दोन डब्या मी गोळ्यांसकट फेकल्या होत्या. जगायचंच नव्हतं. ही मात्र फेकवेना."

मी "पाणी घे," म्हटलं आणि पेला भरून दिला. मग एकाच ताटलीत पोहे काढले. तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही.

पण घरी येताना जो काय जळलो! भाऊ माझा, सायकल मी शिकवली, ताप आला की उशाशी मी बसायचो. आणि जिवावरची गोष्ट सांगितली कोणाला, तर साडूंना! मग वाटलं, मला सांगितली असती तर मी काय केलं असतं? आधी विचारलं असतं, झालं कसं? उत्तर चुकलं की पट्टी उगारायची सवय माझी.

संध्याकाळी साडूंना गाठलं. "विनूचं तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"आपला विनू?" पापणी हलली नाही हो! "च्यवनप्राशानं चांगला सुधारला."

परवा विनू आणि मी फ्रीगंजात भाजी घेत होतो. समोरून साडू आले आणि ठरल्याप्रमाणे पाटी वाचू लागले. विनू एरवी मान खाली घालून निघून जायचा. त्या दिवशी थांबला, पिशवी माझ्या हातात दिली आणि भर बाजारात मोठ्यानं म्हणाला, "नमस्ते, साहेब!" साडूंनी वळून पाहिलं आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. विनू लहान मुलासारखा हसत होता. माझ्याकडे बघून तो असा शेवटचा कधी हसला होता, ते आठवत मी पिशवी धरून उभा राहिलो.