आपल्या मशीनवर तर चालते

१२ ऑक्टोबर. सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन.

कपाट आवरताना जुन्या फ्लॉपींचा डबा निघाला. एक फ्लॉपी उचलली की एक किस्सा, आणि त्याच्या मागे दुसरा उभाच. आवरायचं राहून गेलं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. भंडाऱ्यात आम्ही तिघं राइस मिलच्या वजनकाट्यासाठी पावतीचा प्रोग्राम करायचो. दिलीपभाऊ मालक, प्रमोद प्रोग्रामर, बाकी सगळं मी. गिऱ्हाईक एकच, मोहाडीच्या मिलचे शेठजी. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "नवा धान येईपर्यंत चालू करा. नाही तर मी आपला पेन काढतो, हातानेच पावत्या लिहितो." म्हणजे आमच्या ऑफिसला कुलूप.

*

प्रोग्राम तयार होता. दुसऱ्याच्या मशीनवर तो सहज बसावा म्हणून लागणाऱ्या सगळ्या फाइलींचा एक सेटअप बांधायचा होता. प्रमोदने बांधला. मोहाडीला टाकला, तर एक फाइल नाही म्हणून बंद. ती घातली, तर प्रोग्रामने दुसरी मागितली.

प्रमोदचं उत्तर ठरलेलं. "आपल्या मशीनवर तर चालते न जी."

*

तिसऱ्या खेपेला प्रोग्राम उघडला, पण मराठी फॉन्ट बांधायचा राहिला होता. पावतीवर नावाच्या जागी नुसती चिन्हं. शेठजींनी चष्मा पुसून पाहिलं.

"हा शेतकरी कोणत्या गावचा म्हणायचा?"

*

सेटअप तपासायला कोरी मशीन हवी होती. ओळखीच्या सगळ्या मशीनवर आमच्या फाइली आधीच पडलेल्या. सानगडीला दिलीपभाऊंच्या साळ्याकडे नवा कॉम्प्युटर आहे असं कळलं. गेलो. हळदीकुंकू लावलेला, वर विणलेला रुमाल.

"पाहा खुशाल, पण चालू नोका करू," साळे म्हणाले. "पोरीच्या लग्नात द्याचा आहे."

चहा पिऊन परत आलो.

*

मग शेठजींचा फोन आला. धानाचा पहिला ट्रॅक्टर काट्यावर उभा होता. प्रमोद डोकं धरून बसला. "भाऊ, आपल्या मशीनवर चालते."

दिलीपभाऊ उठले. वायरी काढल्या, सीपीयू गोणपाटात गुंडाळला. "मंग हेच नेऊ."

मोटरसायकलवर मागे तो मांडीवर घेऊन मी बसलो. मोहाडीला जोडला. पावती निघाली, नाव मराठीत. शेठजींनी पुढच्या हंगामाचंही काम दिलं आणि बदल्यात त्यांचा सीपीयू आम्हाला देऊन टाकला.

परत आलो तर प्रमोद दारातच उभा.

"भाऊ, प्रोग्राम लिहाचं सारं सामान नेलेल्या सीपीयूतच होतं. आता मी कायच्यावर लिहू?"

त्या हंगामात प्रमोद रोज सकाळच्या एसटीने मोहाडीला गेला आणि काट्याशेजारी बसून प्रोग्राम लिहिला. सेटअप काही पुरा बांधला गेला नाही.